थकलेला होकार

घटस्फोट घ्यायचा, हे ठरवायला पद्मजाला फार दिवस लागले नाहीत. वकील शोधण्यात मात्र तिचा सगळा उन्हाळा गेला.

ज्याला विचारावं तो वेगळंच नाव सांगे. मामेभावाने सांगलीतली एक मोठी कंपनी सुचवली. तिथे गारेगार खोलीत बसवून, कॉफी देऊन, टाय लावलेल्या एका मुलाने तिला घटस्फोटाची ‘पॅकेज’ समजावून सांगितली. मोबाइलच्या रिचार्जसारखी तीन होती, आणि सगळ्यात स्वस्त पॅकेजमध्ये वकील प्रत्यक्ष भेटत नव्हता. आकडा ऐकून पद्मजाने कॉफी अर्धीच ठेवली. मोफत कायदा मदत केंद्रात ही लांब रांग होती, आणि रांगेच्या टोकाला बसलेला तरुण वकील इतका दमलेला होता की त्याने तिच्या नावापुढे मागच्या बाईच्या नवऱ्याचं नाव टाकलं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज भेटणाऱ्या एका काकांनी “अगदी घरचा माणूस” म्हणून एक वकील दिला. तो सन्मतीच्या चुलत्याचा वर्गमित्र निघाला. पहिल्याच भेटीत त्याने पद्मजाला संसार कसा टिकवावा यावर तासभर ऐकवलं, आणि वर त्या तासाची फी घेतली.

सन्मती म्हणजे तिचा नवरा. मिरजेच्या बस डेपोत विजेच्या गाड्यांचा मेकॅनिक. तो मारत नव्हता, पीत नव्हता, त्याचं बाहेर काही नव्हतं. त्यामुळे घटस्फोट कशासाठी, हे लोकांना सांगताना पद्मजाच्या तोंडाला फेस यायचा. काय सांगणार? माझा नवरा कशालाच नाही म्हणत नाही म्हणून?

पण खरं तेच होतं. वेगळा फ्लॅट घेऊ या म्हटलं, तो हो म्हणाला. फ्लॅट घेतला, आणि पुढची चार वर्षं रोज संध्याकाळी हा आईकडे आणि आप्पांकडे, म्हणजे वडिलांकडे, जाऊन बसायचा आणि झोपायला तेवढा फ्लॅटवर यायचा. मुलीला इंग्रजी शाळेत घालू या म्हटलं, हो म्हणाला. शाळेच्या एकाही सभेला आला नाही. भांडण कधी नाही, आवाज कधी चढला नाही. तो नुसता हो म्हणायचा, आणि मग त्या होकारातनं हळूहळू निघून जायचा. अकरा वर्षं अशा माणसाशी एकटीने संसार करून पद्मजा थकून गेली होती. आठ महिन्यांपूर्वी ती आठ वर्षांच्या सम्यकाला घेऊन सांगलीला आईकडे राहायला आली, तेव्हाही तो “बरं” म्हणाला होता.

आता घाई एका कारणासाठी होती. तासगाव रस्त्यावरच्या ज्या शीतगृहात ती काम करायची, बेदाण्याच्या पेट्यांचं तापमान राखायची, त्या कंपनीने जालन्याला नवं शीतगृह बांधलं होतं आणि त्याची व्यवस्थापक म्हणून तिचं नाव निघालं होतं. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. पण आईबाप वेगळे राहत असले, तर दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकमाशिवाय मूल जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही, असा कायदा आता झालेला होता. सम्यकाला सोबत न्यायचं तर सगळं त्याआधी मिटायला हवं होतं. पद्मजाला दुसरं काही नको होतं. फ्लॅट नको, दागिने नकोत. जालना आणि सम्यका, एवढंच.

माणसांपैकी ज्या शेवटच्या वकिलाला पद्मजा भेटली, ती मिरजेची शमीम मुजावर. सतारमेकर गल्लीत एका वाद्यांच्या दुकानावर तिची खोली होती. खाली कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत बसलेलं. मुजावर मॅडम साठीच्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. फी परवडण्यासारखी होती आणि हप्त्याने चालणार होती. एवढं ऐकून पद्मजाला हायसं वाटलं.

“किती दिवस लागतील?” तिने विचारलं.

“लागतील तेवढे.”

“अंदाजे?”

“अंदाज सांगणारी मशीनं निघालीत की आता. त्यांना विचारा.” मॅडमना चष्मा सापडला. “माझं काम हळू असतंय. आधी दोघांनी इथं माझ्यासमोर बसायचं. सकाळी, पोटभर खाऊन यायचं. उपाशी माणसाची, रडणाऱ्या माणसाची आणि ड्यूटीवरनं तडक आलेल्या माणसाची सही मी घेत नाही.”

“का?”

“निम्मी वकिली असल्या सह्या निस्तरण्यात गेली माझी. सही करून जातात, आणि दोन वर्षांनी परत येतात. परत येतात तेव्हा जास्त ओरडतात.”

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला आणि त्या कुणाच्या तरी शेताच्या बांधाच्या वादावर बराच वेळ बोलत बसल्या. पद्मजा घड्याळ बघत होती. बाई सरळ होती, पण हिच्या हातात प्रकरण दिलं तर सम्यका दहावी होईल, असं मनाशी म्हणत ती जिना उतरली. त्याच संध्याकाळी तिने ‘तोडगा’ घेतलं.

‘तोडगा’ हे फोनवरचं कायदेशीर सल्ल्याचं यंत्र. महिन्याची वर्गणी दुधाच्या बिलापेक्षा कमी. आवाज एका शांत, वयस्क बाईचा, आणि ती पद्मजाला ‘ताई’ म्हणे. कायद्याची कलमं, मसुदे, मागच्या लाखभर प्रकरणांचे निकाल हे सगळं तिच्याकडे होतंच, ते आता कुणाकडेही असतं. ‘तोडगा’ची खरी करामत वेगळी होती. ती ऐकून सांगायची, की समोरचा माणूस कधी हो म्हणेल.

माणूस थकला की ते त्याच्या आवाजात उतरतं, हे प्रत्येकाच्या आईला ठाऊक असतं. पण आईला जे कानाने कळतं ते कुणाला मोजता येत नव्हतं. बोलताना घशातले स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरतात. ताज्यातवान्या माणसात ही थरथर बरीचशी एकसारखी असते. थकलेल्या माणसात प्रत्येक कंप आधीच्यापेक्षा किंचित लहानमोठा होतो. वाक्य संपायच्या आत श्वास संपतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला वेळ वाढतो. हे सगळं टिपण्याचं तंत्र आधी लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांसाठी निघालं, चालक पेंगायच्या आधीच गाडीने ओळखावं म्हणून. तिथवर ते भल्याचंच होतं.

पुढे काही संशोधकांनी तेच तंत्र वाटाघाटींच्या ध्वनिमुद्रणांना लावलं आणि त्यांना एक सोपी गोष्ट सापडली. ‘नाही’ म्हणायला मेंदूला कष्ट पडतात. कारण शोधावं लागतं, समोरच्याचा राग झेलायची तयारी करावी लागते, पुढचा वाद डोळ्यांपुढे आणावा लागतो. ‘हो’ म्हटलं की विषय संपतो. थकलेला मेंदू विषय संपवणारा रस्ता धरतो. तेव्हा आवाजातला थकवा मोजला, की अमुक माणूस अमुक घटकेला अमुक मागणी मान्य करण्याची शक्यता किती, हे जवळजवळ बिनचूक काढता येऊ लागलं. तिच्या आलेखाला ‘होकाररेषा’ असं नाव पडलं.

मग काय विचारता! लोक साहेबाची रेषा बघून रजा मागायला जाऊ लागले. कर्जवाले गिऱ्हाइकाची रेषा चढली की फोन करू लागले. शाळकरी पोरं आईची रेषा बघून सहलीचा विषय काढू लागली. आरडाओरडा झाल्यावर सरकारने पोलीस ठाण्यात आणि कोर्टात या यंत्रांना बंदी घातली. नवराबायकोची आपापसातली तडजोड मात्र खासगी बाब म्हणून सुटली. दोघांचा अंगठा आणि दोघांच्या आवाजातली संमती जोडलेला मसुदा आला की कौटुंबिक न्यायालय त्यावर एका दिवसात शिक्का मारी. संमती कोणत्या अवस्थेत दिली, हे विचारायची सोय त्या कायद्यात कुणी ठेवलीच नव्हती.

सन्मती आठवड्यातून दोनतीनदा सम्यकाशी बोलायला फोन करी. पद्मजाच्या परवानगीने ‘तोडगा’ ते ऐके.

“आज नको, ताई. आज त्यांची सुट्टी दिसते. रेषा खाली आहे.”

“आज बरी आहे, पण लहान मागणी करा. सराव होईल.”

पद्मजाने लहान मागणी केली. गणपतीच्या सुट्टीत सम्यकाला चार दिवस वडिलांकडे पाठवायचं ठरलं होतं, ते रद्द करून तिला स्वतःकडे ठेवायचं. सन्मती डबल ड्यूटी करून नुकताच घरी पोचला होता. “बरं,” तो म्हणाला. एवढ्यावर काम झालं. फोन ठेवल्यावर पद्मजाला क्षणभर आनंद झाला आणि मग उगीचच कसंतरी झालं. ती उठून भांडी घासायला लागली.

त्यांचं दशलक्षण पर्व गणपतीतच येतं. घरोघरी जैन माणसं दहा दिवस उपास, एकभुक्त, जसं झेपेल तसं करतात; सन्मती दहाही दिवस नुसत्या पाण्यावर राही. शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, संध्याकाळचं प्रतिक्रमण, म्हणजे आपल्या चुकांची उजळणी, झालं की वर्षभरात ज्याच्या-त्याच्याशी वागण्याबोलण्यात चुकलं असेल त्याची क्षमा मागायची. लहानाने मोठ्याची, मोठ्याने लहानाची. शत्रूचीसुद्धा.

त्या संध्याकाळी सन्मतीचा फोन आला. मागे ढोलताशांचा दणदणाट चालला होता. मिरजेची विसर्जनाची मिरवणूक म्हणजे डेपोवाल्यांची सत्त्वपरीक्षाच असते. जादा गाड्या, बंद रस्ते, मध्येच रुसून बसणाऱ्या बॅटऱ्या.

“पद्मजा, मी बोलतोय.”

“कळतंय की.”

“जाणता-अजाणता, मनानं, बोलण्यानं, वागण्यानं, माझ्याकडनं काय चुकलं असंल तर क्षमा कर.”

तो ते दरवर्षी म्हणायचा तसंच म्हणाला, पण मध्ये दोनदा थांबून. आवाज घशातच राहत होता.

“उत्तम क्षमा,” पद्मजा म्हणाली. “माझंही काही चुकलं असेल तर तुम्हीही करा.”

“हां. उत्तम क्षमा.”

“पाणी तरी घेतलंत काय आज?”

“सकाळी घेतलं. उद्या पारणं हाय. पहाटेपासनं डेपोवरच हाय गं, त्यामुळं...” वाक्य त्याने तिथेच सोडलं. “सम्यका?”

“खाली खेळायलीय. बोलावू?”

“असू दे. खेळू दे. ठेवतो.”

फोन बंद झाला आणि लगेच ‘तोडगा’ बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

“ताई, या प्रकरणात एवढी वर गेलेली रेषा मी पाहिलेली नाही. सम्यकाचा पूर्ण ताबा, जालन्याला नेण्याची परवानगी, वडिलांच्या भेटी तुमच्या सोयीने. मसुदा तयार आहे. आत्ता पाठवला तर ते अंगठा लावतील. शंभरात सत्त्याण्णव. उद्या पारण्यानंतर ही संधी राहणार नाही.”

पद्मजा पलंगावर बसली. “त्यांनी आत्ता क्षमा मागितली माझी.”

“हो. त्याची मदतच झाली आहे.”

“तू कुणाच्या बाजूने आहेस?” हा प्रश्न तिने का विचारला, तिचं तिला कळलं नाही.

“फक्त तुमच्या, ताई.”

आणि ते खरं होतं. लोक म्हणतात, स्वस्त वकील फसवतो, विकला जातो. ही विकली जाणारी नव्हती. पद्मजाच्या आयुष्यात इतकं इमान राखणारं माणूस आजवर दुसरं आलं नव्हतं. स्वयंपाकघरातून उद्याच्या पारण्यासाठी मूग निवडणाऱ्या आईचा आवाज आला. “कोण गं? सन्मती? काय म्हणत होता?”

“क्षमा मागत होते.”

“केलीस?”

“केली.”

“मग झालं तर,” आई म्हणाली आणि पुन्हा मूग निवडायला लागली.

पडद्यावर मसुदा होता. त्याखाली ‘पाठवा’. बोट टेकवलं की जालना, सम्यका, सगळं पदरात. पद्मजाने बोट उचललंही. तिला अडवलं ते काही फार थोर विचाराने नाही, हे सांगून टाकलेलं बरं. तिला अडवलं अनुभवाने. सन्मतीचा थकलेला होकार म्हणजे काय चीज असते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आज तो अंगठा लावेल. चार महिन्यांनी जालन्याच्या घराबाहेर पायरीवर येऊन बसेल. भांडणार नाही, काही मागणार नाही, नुसता बसून राहील, आणि सम्यका खिडकीतून बघत राहील. मग कुणाला बोलावणार? त्या मसुद्याला? तिला या वेळी मोडणार नाही असा होकार हवा होता, आणि तो या यंत्रापाशी नव्हता.

तिने मुजावर मॅडमना फोन लावला.

“मॅडम, ओळखलंत का? पद्मजा मगदूम. जूनमध्ये आले होते.”

“नाही.”

“बेदाण्याचं शीतगृह...”

“हां हां. घाईवाल्या. बोला.”

“आम्ही दोघं येतो. उद्या पारणं झालं की.”

“उद्या नको. दहा दिवसांचा उपाशी माणूस एका जेवणानं माणसात येत नाही. परवा सकाळी. आणि त्यांना म्हणावं, झोपून या.”

सन्मतीला तिने निरोप टाकला. त्याचं ‘बरं’ आलं. मागोमाग ‘तोडगा’ म्हणाली, “ताई, परवा सकाळी ही रेषा वीसवर असेल. तुमचं नुकसान होईल असं मला स्पष्ट सांगितलं पाहिजे.” पद्मजाने फोन उशीखाली सारला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सन्मती तिच्याआधीच येऊन बसला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. चेहरा उतरला होता, पण डोळे स्वच्छ होते. इतके स्वच्छ की पद्मजाला क्षणभर परक्या माणसासमोर बसल्यासारखं वाटलं. मुजावर मॅडमनी दोघांनी काय खाल्लं ते विचारून घेतलं, चहा मागवला, आणि पद्मजाला म्हणाल्या, “तुम्हाला काय पाहिजे ते यांच्यासमोर सांगा. मला नको, यांना सांगा.”

पद्मजाने सांगितलं. जालन्याचं काम, दिवाळी, सम्यका.

“आता तुम्ही बोला,” मॅडम सन्मतीला म्हणाल्या.

“मी काय बोलणार? तिला बरं वाटंल तसं करू दे.”

“तिला काय बरं वाटतंय ते मी आत्ता ऐकलं. तुमचं विचारलं मी.”

खाली कुणीतरी तंबोरा जुळवत होतं. चहा आला, सन्मतीने कप हातात घेतला आणि परत ठेवला. मग पद्मजाकडे बघून म्हणाला, “एक विचारू काय?”

“विचारा की.”

“आज सकाळची वेळ का घेतलीस?”

“मॅडमनी सांगितली.”

“तरीच.” त्याने मान हलवली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “तू कधीच सकाळी विचारत न्हवतीस. फ्लॅटचं विचारलंस तवा मी भर पावसातनं गाडी ओढून आणलीवती, हातावरचं ग्रीस बी धुतलं न्हवतं. शाळेचं विचारलंस त्या दिवशी आप्पांना दवाखान्यातनं घरी आणलंतं. तू ताट वाढायचीस आणि मग विचारायचीस. मला वाटायचं, हो म्हटलं की जेवता येईल.”

“असं काही नव्हतं.”

“असंल. पण मला भूक लागलेली असायची, पद्मजा.”

बाकीच्या वेळी तुम्ही सापडायचात कुठे, असं ती म्हणणार होती. पण तिला बुटांचा आवाज आठवला. सन्मती कामावरून आला की दाराशी बूट काढायचा. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून ती ऐकायची. बूट जपून ठेवले, तर आज नको. एकामागोमाग धपकन पडले, तर आज विचारायला हरकत नाही. हे तिला कुठल्या यंत्राने शिकवलेलं नव्हतं. पुरुषाला कधी विचारायचं ते बाईला कळलं पाहिजे, हे आईने लग्नाआधी सांगितलं होतं, आणि आईला तिच्या आईने. पद्मजा ते संसारातलं शहाणपण समजत होती. मैत्रिणींना हसत हसत सांगतही होती. त्याने दिलेला प्रत्येक होकार मोडका निघाला म्हणून ती अकरा वर्षं कुढत राहिली, आणि तो प्रत्येक होकार कधी घ्यायचा, हे तिनेच ठरवलं होतं. तिला लाज वाटली. मुजावर मॅडमसमोर तर फारच वाटली, पण त्या चष्मा पुसत होत्या.

तिने खुर्ची सन्मतीकडे वळवली. मग म्हणाली, “बरं. आता विचारते. सम्यकाला मी जालन्याला नेऊ काय?”

“नाही,” सन्मती म्हणाला.

एका क्षणात म्हणाला. विचार करायलाही थांबला नाही. त्याच्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला, आणि ऐकताच तिच्या डोक्यात सणक गेली.

“मी आई आहे तिची.”

“आणि मी बाप हाय. तू जा. तुला तिथं जायचंय, ते काम तुला येतं, मी अडवत न्हाई. पण तिची शाळा इथं हाय. आप्पांना दर रविवारी पेपर वाचून दाखवती ती. मला सकाळची ड्यूटी मागून घेता येती. सुट्टीत तुझ्याकडं पाठवीन. पण उचलून न्यायची न्हाई.”

“एवढं सगळं होतं तर आधी का नाही बोललात? शाळेच्या सभेला एकदा तरी आलात का?”

“न्हाई आलो. ते चुकलंच माझं. आता येईन.”

मग ते भांडले. अकरा वर्षांत जे झालं नव्हतं ते त्या खोलीत, एका परक्या बाईसमोर झालं. आवाज चढले, जुने हिशेब निघाले, पद्मजा रडली, सन्मतीने टेबलावर हात आपटला आणि स्वतःच दचकला. खालचा तंबोरा थांबला. बहुधा खालचेही ऐकत होते. मुजावर मॅडम मध्ये पडल्या नाहीत, कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. दोघं दमून गप्प झाले तेव्हा म्हणाल्या, “झालं? आज सह्या होणार नाहीत. पुढच्या आठवड्यात या. तोवर घरी असंच भांडा.”

पण पुढच्या आठवड्यात काय लिहिलं जाणार, ते दोघांनाही त्याच सकाळी कळलं होतं. भांडताभांडताच ते ठरून गेलं होतं: चौथी संपेपर्यंत सम्यका वडिलांकडे, सुट्ट्या आईकडे, आणि पाचवीला कुठे जायचं ते तिलाही विचारायचं. हा होकार पद्मजाचा होता. तो देताना तिला कुणी थकवलं नव्हतं, आणि तरी तो देताना तिचं काळीज तुटलं. दोन संध्याकाळींमागे एका बोटाने जे मिळत होतं, ते आता कायमचं गेलं होतं. तिला पश्चात्ताप झाला. सन्मतीचा राग आला, मॅडमचा आला, आणि या दोघांपेक्षा जास्त स्वतःचा.

जिन्याच्या खाली सन्मती थांबला होता. “तिला सांगायचं कुणी?” तो म्हणाला.

“मी सांगते.”

“दोघं सांगू की.”

“नाही. जायचंय मला. मीच सांगते.”

तो मान हलवून डेपोकडे गेला. पद्मजा रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभी राहिली. आज संध्याकाळी सांगू, तिने मनाशी ठरवलं. खेळून दमून आली, जेवायला बसली, की हळूच सांगू. त्या वेळी फार रडायची नाही, लगेच झोपेल.

आणि तिला धस्स झालं. ती तशीच रिक्षात बसली आणि शाळेचं नाव सांगितलं.

मधली सुट्टी नुकतीच झाली होती. सम्यका डबा खाऊन, हात पुसत, पळतच फाटकाशी आली. पद्मजा खाली बसली आणि तिला सगळं सांगितलं. जालना, बाबा, चौथी. काही गाळलं नाही.

“मी नाही राहणार,” सम्यका म्हणाली. “तू पण जायचं नाही. मला विचारलं का नाहीस?” आणि फाटकाची सळई घट्ट धरून ती मोठमोठ्याने रडायला लागली. आजूबाजूची मुलं बघायला लागली, शिपाई जवळ आला. उगी म्हणावं, काहीतरी आमिष दाखवावं, असं पद्मजाला शंभरदा वाटलं. ती काही बोलली नाही. घंटा होईपर्यंत सम्यका रडत होती, आणि घंटा होईपर्यंत पद्मजा तिच्यासमोर मातीत बसून होती.